भैरोबाच्या गालाचा पोचा

देव बदललाय, हे गावात सगळ्यात आधी झुंबरबाईच्या अंगठ्याला कळलं.

जत्रा आठ दिवसांवर आली होती. हिवरवाडीच्या भैरोबाचा चांदीचा मुखवटा देवळातल्या लोखंडी कपाटातून काढून तिनं परातीत ठेवला, चिंचेचा कोळ लावला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं अंगठा देवाच्या डाव्या गालावर फिरवला. तिथं चिंचोक्याएवढा पोचा होता. एका जत्रेत पालखी पाराच्या दगडावर आदळली, तेव्हा पडलेला. आज अंगठा गुळगुळीत घसरून गेला. तिनं पुन्हा फिरवला. मग परात तशीच टाकून ती ओल्या हातांनी बाहेर आली आणि पारावर बसलेल्या माणसांना म्हणाली, "ह्यो आपला देव न्हाई. कुनीतरी बदललाय."

बोंब तिनंच मारली. आणि अकरा वाजायच्या आत गावानं तिलाच चोर ठरवलं.

तिकडं तिसगावात सुकन्या आपल्या फोटो स्टुडिओत एका बापावर खवळली होती. लेकीचा फोटो स्थळाला पाठवायचा, तर जरा उजळ करून द्या, एवढंच बिचारा म्हणाला होता.

"लगीन फोटोशी लावायचंय का पोरीशी?" सुकन्या म्हणाली. "पोरगी हाय तशी छान हाय. तिला पीठ फासायचं काम माझ्याकडं होत न्हाई."

अशानं गिऱ्हाईक टिकत नाही, हे तिला दहा वर्षं सगळे सांगत होते. टिकत नव्हतंच. पण तिसगाव चौकीला पंचनाम्याचे फोटो लागले की बोलावणं तिलाच यायचं. फोटो ती मोबाईलवरच काढायची, पण त्या मोबाईलची सगळी आगाऊ हुशारी तिनं बंद करून ठेवलेली. उजेड हातानं कमीजास्त करायचा, रंग आहे तो ठेवायचा, आणि मोबाईलनं रंगरंगोटी करायच्या आधीची कच्ची फाईल जपून ठेवायची. वकिलांना तिच्या फोटोवर बोट ठेवता येत नसे.

फोन वाजला. हवालदार वैजनाथ बोलत होते.

"ताई, हिवरवाडीला या. लगेच निघा. पाच वाजता साहेब येनारेत. तवर एका म्हातारीला जीपमधी बसवायचं का न्हाई, ते मला ठरवायचंय."

"कोण म्हातारी?"

"झुंबरबाई. भैरोबाची पुजा करती ती."

सुकन्यानं दुकानाचं शटर खाली ओढलं. हिवरवाडी तिला माहीत होती. माघ पौर्णिमेला जत्रेच्या पत्रिकेसाठी देवाचा फोटो काढायला तिला तिथंच बोलावलं होतं. फोटो बघून देवस्थानचा सेक्रेटरी कल्याण म्हणाला होता, "ताई, देव काळपट आलाय. चमक न्हाई." तिनं सांगितलं, चांदी आहे, आरसा नाही. वाद वाढला, फोटो नाकारला, पत्रिकेवर शेवटी जुनं चित्रच छापलं. तो राग तिच्या मनात अजून ताजा होता.

देवळासमोर ही गर्दी जमली होती. झुंबरबाई बाहेरच्या पायरीवर एकटीच बसलेली. तिला आत येऊ देत नव्हते. चाळीस वर्षं ज्या बाईनं देवळाचा उंबरा धुतला, तिला उंबऱ्याच्या बाहेर बसवलं होतं, आणि बसवणारे सावलीत चहा पीत होते.

"आन ऐका," वैजनाथ सुकन्याला बाजूला घेऊन म्हणाले. "मी यायच्या आत त्या चहा पिनाऱ्या पाच जनांनी तिचं घर उचकलं. धान्याची मडकी जमिनीवर उपडी केली. घावलं काय, तर काय न्हाई."

"तुमी काय म्हणालात त्यांना?"

"काय म्हननार? आबासायेब हुते पुढं."

आबासाहेब म्हणजे देवस्थानचे अध्यक्ष, गावातलं मोठं खटलं. सुकन्यानं त्यांच्याकडं बघितलं आणि दात आवळले. आधी काम.

परातीतला मुखवटा तिनं खिडकीच्या उजेडात घेतला. हलका होता. नखानं टिचकी मारली तर पत्र्यासारखा वाजला. गाल दोन्ही साफ. मिशा, कपाळावरचं गंध, सगळं जागच्या जागी. डोळ्यांजवळ ती थांबली. वरच्या पापण्यांवर केसासारख्या बारीक रेघा कोरल्या होत्या, सात-आठ एका डोळ्याला. तिनं जवळून चार फोटो घेतले.

मग कागदपत्रासाठी झुंबरबाईचा फोटो. म्हातारीनं पदर सारखा केला. हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके, नाकाशेजारी चामखीळ, गालांवर देवीचे व्रण.

"मावशी, कधी धुतला होता देव याच्या आधी?"

"होळी पुनवेला. दर पुनवेला धुते म्या. तवा पोचा हुता."

"नक्की?"

"पोरी, सोताच्या पोराच्या गालावरची खून इसरंल का मी?" तिचा आवाज फुटला, पण डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता संताप होता. "चाळीस वरसं. आन हे मला चोर म्हंत्यात."

"चोराच्या उलट्या बोंबा," मागून कुणीतरी म्हणालं.

कल्याणच होता. इस्त्रीचा शर्ट, हातात नवाकोरा मोबाईल. आबासाहेबांचा पुतण्या, त्यांच्याच घरात राहायचा. वैजनाथनी त्याला बोलावून समोर बसवलं.

"सेक्रेटरी, तुमचं म्हननं परत एकदा सांगा. ताईंना कळू द्या."

"सोपं हाय. कपाटाला किल्ल्या दोन. एक हिच्याकडं, एक आबांकडं. आबा डोळ्याच्या ऑपरेशनला पुन्याला गेल्ते. दिवाळीपास्नं ते माघातल्या पुनवेच्या नंतरपर्यंत तिकडंच. किल्ली त्यांच्या करगोट्याला."

"खरंय," आबासाहेब म्हणाले. "झोपताना सुदीक काढली न्हाई."

"आन परत आल्यावर?" सुकन्यानं विचारलं.

"आल्यावर देवघरातल्या खिळ्याला. पह्यल्यापास्नं तितंच असती."

"आता हे बघा," कल्याण म्हणाला आणि मोबाईल पुढं केला. "पौष पौर्णिमेची आरती. मी काढलाय फोटो. तारीख बघा, वेळ बघा. गालावर पोचा हाय का?"

फोटो झकास होता. देव लखलखत होता. शेजारी आरतीचं ताट धरून झुंबरबाई, तीसुद्धा दहा वर्षांनी लहान दिसत होती. देवाच्या डाव्या गालावर पोच्याचं नावनिशाण नव्हतं.

"म्हंजे पौषातच देव बदललेला हुता," कल्याणनं निकाल दिला. "आन पौषात आबांची किल्ली पुन्यात. मग उघडनारं उरलं कोन? आता जत्रंत सोनार चांदी तपासनार, पितळ उघडं पडनार, म्हनून हीच आधी वरडली."

लोकांनी माना डोलावल्या. मोबाईलमधला पुरावा. त्याच्यापुढं म्हातारीच्या अंगठ्याला कोण विचारतो?

सुकन्यानं फोटो बोटांनी मोठा केला. देवाचा गाल बघितला. डोळे बघितले. मग झुंबरबाईचा चेहरा मोठा केला आणि तिथंच बघत राहिली. राग तिच्या डोक्यात चढत गेला, पण आवाज तिनं खाली ठेवला.

"फोटो चांगला आलाय, कल्याणभाऊ."

"नवा मोबाईल हाय. तुमच्यासारखा काळा काढत न्हाई."

"कुणाला पाठवला होता का? गावाच्या ग्रुपवर टाकला?"

"कुनालाच न्हाई. म्हनून तर पुरावा शाबूत. कुनी छेडछाड केली असं म्हनायला जागा न्हाई."

"मोबाईल दुसऱ्या कुणाच्या हातात जातो? घरात पोरंबाळं?"

"माझ्या बोटाबिगर उघडतच न्हाई," कल्याण ऐटीत म्हणाला.

"हवालदार, हे लिहून घ्या," सुकन्या म्हणाली. वैजनाथनी लिहून घेतलं. का, ते त्यांनाही कळलं नव्हतं.

मग ती पायरीशी गेली. "मावशी, आपल्या देवाच्या पापण्यांना रेघा होत्या का? केसासारख्या?"

"देवाला कुटल्या पापन्या?" झुंबरबाई करवादली. "डोळं न् भवती कड. दर पुनवेला बघते म्या."

सुकन्या परत आली. तिनं घड्याळ बघितलं. साडेतीन वाजले होते.

"कल्याणभाऊ, एक काम करा. त्याच मोबाईलवर आत्ता मावशींचा एक फोटो काढा. जसा पौषात काढला तसाच. काही बदलू नका."

"कशाला?"

"काढा की. फोटो काढायला काय लागतं?" वैजनाथ म्हणाले.

कल्याणनं फोटो काढला. सुकन्यानं मोबाईल त्याच्या हातातून घेतला आणि सरळ आबासाहेबांच्या डोळ्यांपुढं धरला.

"आबा, डोळ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं. नीट दिसतंय ना? मावशीच्या हनुवटीवर काय दिसतं?"

आबासाहेबांनी मोबाईल बघितला. पायरीवरच्या झुंबरबाईकडं बघितलं. पुन्हा मोबाईल बघितला.

"गोंदान कुटं गेलं?"

"चामखीळ?"

"ती बी न्हाई."

"देवीचे व्रण?"

आबासाहेबांनी मोबाईल शेजारच्या माणसाच्या हातात दिला. माणसं पुढं सरकली. मोबाईल हातोहात फिरला. एक जण हसला आणि बाकीच्यांनी बघितल्यावर हसू गिळून बसला.

"आता पौषातला फोटो बघा," सुकन्या म्हणाली. "त्यातही मावशीच्या हनुवटीवर गोंदण न्हाई. अख्ख्या गावानं सकाळपासून हा फोटो बघितला. सगळ्यांनी देवाचा गाल बघितला. शेजारी उभ्या असलेल्या बाईचं तोंड एकानंही बघितलं न्हाई. लहानपणापासून तिच्या हातचा अंगारा लावता तुम्ही कपाळाला. तिच्या तोंडावर काय हाय आणि काय न्हाई, हे तुम्हाला ठाऊक नसावं?"

सुकन्यानं मोबाईल परत आपल्या हातात घेतला.

"हा मोबाईल दुकानातून येतानाच शहाणा होऊन येतो. त्याला तोंड दिसलं की तो ते घासूनपुसून काढतो. डाग पुसतो, सुरकुती पुसतो. माणसाचं तोंड का देवाचं, हे त्याला कळत न्हाई. दोन डोळे, नाक, मिशा दिसल्या की झालं. पौषात देवाच्या गालावर पोचा होता. मोबाईलनं पुसला."

"हे तुमचं म्हननं," कल्याण म्हणाला. त्याच्या ओठावर घाम आला होता. "पोचा हुता याला पुरावा काय?"

"हाय की. तुम्हीच नाकारलेला." सुकन्यानं आपला मोबाईल काढला. "माघ पौर्णिमा. काळपट देव. बघा आबा, गालावर काय हाय?"

फोटो खरंच देखणा नव्हता. चांदीवर तेलाची पुटं होती, कोपऱ्यात अंधार होता. आणि डाव्या गालावर चिंचोक्याएवढा खड्डा होता.

"सावली असंल ती," कल्याण म्हणाला.

"मला वाटलंच, असं म्हणाल. हा दुसरा बघा. समई दुसऱ्या बाजूला ठेवून काढलाय. सावली इकडची तिकडं गेली, खड्डा जागेवरच हाय. म्हंजे पौषात तुमच्या फोटोत पोचा न्हाई, आणि महिन्यानं माझ्या फोटोत हाय. कुठला मुखवटा महिन्यात आपोआप पोचा पाडून घेतो का? तुमचा फोटो खोटा. माघापर्यंत खरा देव कपाटात होता. तो हलला त्याच्यानंतर, आबांची किल्ली पुण्याहून येऊन खिळ्याला लटकल्यावर."

"मग ती बी उघडू शकती," गर्दीतून एक जण म्हणाला. "किल्ली तर हिच्याकडं बी हायच की."

"बरोबर विचारलंत," सुकन्या त्याच्याकडं वळली. "चोर कोण, हे किल्ली सांगत न्हाई. हा नकली मुखवटा सांगतोय."

तिनं परातीतला मुखवटा उचलला.

"नकली देव बनवायचा, तर तो असलीसारखा पाहिजे. जो असली देव हातानं धुतो, तो पोचा विसरंल का? झुंबरमावशीनं नकल बनवून घेतली असती, तर पह्यला पोचा पाडायला सांगितला असता. ज्यानं ही बनवून घेतली, त्याला पोचा ठाऊकच नव्हता. त्यानं देवाला कधी हात लावलेला न्हाई. त्यानं कारागिराला फोटो दाखवला आणि असा बनव म्हणाला. फोटोत गाल गुळगुळीत, म्हणून नकलेचा गाल गुळगुळीत."

"फोटू तर कुनी बी काढतं," आबासाहेब पुटपुटले. आवाजात आता जोर नव्हता.

"आबा, पापण्या बघा ह्याच्या. ह्या रेघा. असली देवाला ह्या न्हाईत. मावशी म्हणते न्हाईत, माझ्या फोटोत न्हाईत. आता पौषातला फोटो मोठा करून बघा. डोळ्यापाशी."

आबासाहेबांनी मोबाईल नाकाशी नेला. बराच वेळ बघितलं.

"हायेत," ते म्हणाले. "रेघा हायेत."

"मोबाईल पुसतो तसा नवीनही काढतो. तोंड म्हंजे डोळे, डोळे म्हंजे पापण्या, पापण्यांना केस पाहिजेत, असं त्याला शिकवलंय. त्यानं देवाला पापण्यांचे केस दिले. आणि कारागिरानं इमानदारीत ते जसेच्या तसे कोरले. सात एका डोळ्याला, आठ दुसऱ्याला. फोटोत मोजा, मुखवट्यावर मोजा. हा मुखवटा भैरोबाचा न्हाईच. हा ह्या फोटोचा मुखवटा हाय."

वैजनाथ हळूच उभे राहिले. त्यांनी आपली वही उघडली आणि मघाशी लिहिलेलं मोठ्यांदा वाचलं.

"फोटू कुनालाच पाठवला न्हाई. मोबाईल माझ्या बोटाबिगर उघडत न्हाई."

कल्याणनं आधी चुलत्याकडं बघितलं. मग गर्दीकडं. वाट कुठंच नव्हती.

"सेक्रेटरी, देव कुटं हाय?" वैजनाथनी विचारलं.

"आबा, मी... जत्रंनंतर..."

"माझ्याकडं बघू नगंस," आबासाहेब म्हणाले. "त्यांनी इचारलंय त्यांना सांग."

"कडब्याच्या गंजीत," कल्याण खाली बघून म्हणाला. "नगरच्या कारागिराला काय ठाऊक न्हाई. त्याला नाटकाचा मुखवटा म्हनून सांगितल्ता."

"आणि पोच्याची बोंब झाल्यावर हा फोटो आठवला," सुकन्या म्हणाली. आता तिनं आवाज आवरला नाही. "चोरी केली ती केली. पण ती पचवायला एका म्हातारीचं तोंड वापरलंस. तिच्याच तोंडावरचं गोंदण पुसलेला फोटो तिच्याच विरुद्ध दाखवलास. लाज कशी वाटली न्हाई?"

पाच वाजता साहेब आले तेव्हा जीपमध्ये बसायला माणूस तयार होता, फक्त वेगळा. गंजीतून गोणपाटात गुंडाळलेला मुखवटा निघाला. झुंबरबाईनं तो मांडीवर घेतला, डाव्या गालावर अंगठा ठेवला आणि डोळे मिटून घेतले. तेव्हा कुठं तिला रडू आलं. सुकन्यानं त्या वेळी फोटो काढला नाही.

जीप गेल्यावर आबासाहेब पायरीशी आले. हात जोडले. मागं त्यांच्यासोबत सकाळी घर उचकणारे ते चौघे.

"झुंबरबाई, चूक झाली. घरातलाच साप निघाला, आमी काय करावं? झालं गेलं गंगेला मिळालं. देव आत न्या. ही आमच्याकडली किल्ली बी तुमीच ठिवा."

सगळ्यांना वाटलं, विषय मिटला. गावाला असंच वाटतं. हात जोडले की मिटलं.

झुंबरबाईनं देव परातीत ठेवला. किल्लीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"माझ्या घरात बाजरी न् तांदूळ एक झालाय," ती म्हणाली. "मिरचीची पूड चुलीत सांडलीया. माझ्या मालकाचा फोटू खिळ्यावरनं पडून फुटलाय. म्या ते गोळा करनार न्हाई."

"आमी बायकांना पाठवतो," आबासाहेब म्हणाले.

"बायका आल्त्या का उचकायला?"

झुंबरबाईनं त्या पाचही जणांकडं बोट केलं.

"तुमी पाच जन आल्ता. तुमी पाच जन बसा. दाना दाना येगळा करा. तवर देव हितंच पायरीवर, माझ्याजवळ. आत मी तवाच नेईन."

कुणीतरी कुजबुजलं, दिवस मावळायला आला, देव बाहेर कसा ठेवायचा. झुंबरबाईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि तो मागं झाला.

आबासाहेबांनी पायातल्या वहाणा काढल्या, फेटा काढून काखेत मारला आणि म्हातारीच्या घराकडं चालू लागले. चौघे मागोमाग गेले. झुंबरबाई सुकन्याकडं वळली.

"पोरी, आता काढ फोटू," ती म्हणाली. "माझा न्हाई. त्यांचा. आन उजळ करू नगंस."

सुकन्या त्यांच्या मागून गेली. दारातून तिरपा उजेड आत येत होता. जमिनीवर पसरलेल्या धान्यात पाच मोठी माणसं उकिडवी बसली होती, आणि आबासाहेब बाजरीतून तांदळाचा एकेक दाणा वेचून परातीत टाकत होते.